हसाची मेंदी आणि माझा डावा हात

साल दोन हजार सतरा. मी त्रेसष्ट वर्षांचा होतो, आणि त्या वयात माझ्या डाव्या तळहातावर मेंदी होती.

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. आमच्या गल्लीतले ड्रायव्हर लोक रोज हसायचे. संध्याकाळी ऊन कलल्यावर आम्ही सगळे भिंतीच्या सावलीला बसायचो. शेजारच्या घरचा ड्रायव्हर नांदेडकडचा होता. मला बघितलं की तो सुरू व्हायचा, "काय तात्या, हळद कधी? वऱ्हाडात आम्हाला घेता का नाही?" मी म्हणायचो, "तुला घेतलं तर जेवण पुरायचं नाही." मग तो माझा हात धरून सगळ्यांना दाखवायचा. मी दाखवू द्यायचो. लाज वाटेल असं काम मी जन्मात केलं नाही, आणि ती मेंदी हौसेची नव्हती, ते माझं काम होतं.

मी माण तालुक्यातला. चौथी शिकलो. पाचवीची शाळा दुसऱ्या गावाला होती, मी गेलो नाही. ट्रकवर क्लीनर झालो, मग ड्रायव्हर, मग इकडे कतारला आलो. किती वर्षं झाली ते मोजत नाही, आलो तेव्हा मिशी काळी होती. सही मराठीत करतो. बँकेतला पोरगा "अंकल, इंग्लिश" म्हणाला की दुसऱ्यांदा पण मराठीतच करतो.

अल अझीझियाच्या एका घरात मी ड्रायव्हर. घर एका म्हाताऱ्या विधवेचं. इकडे घरातल्या मोठ्या बाईला नोकरमाणसं "मामा" म्हणतात, म्हणजे आई. मी पहिल्यांदा फोनवर घरी सांगितलं की मामांच्या गाडीवर लागलोय, तर बायको म्हणाली, "कोणते मामा? आपले तर वारले." तर ही आमची मामा. माझ्याहून पाच-सात वर्षांनी मोठी असेल, पण मला हाक मारायची "या शैबा", म्हणजे अरे म्हाताऱ्या. मी म्हणायचो, "मी म्हातारा तर तू कोण?" ती म्हणायची, "मी मालकीण." ती अरबीत बोलायची आणि मी हिंदी-अरबीची भेळ करून. इथे सगळं मराठीत लिहितो, कारण मला तेवढंच लिहिता येतं.

पैशापाण्यानं घर बरं होतं. मुलगी बँकेत मोठ्या खुर्चीवर. तरी मामा रोज सकाळी बायकांच्या बाजारात जाऊन बसायची. तिची आई बसायची त्याच ओट्यावर, त्याच जागेवर. तोंडावर बतुला, म्हणजे तो काळा चकचकीत मुखवटा, पुढे चटई आणि चटईवर टोपल्या. मेंदी, केस धुवायचा बोरीच्या पाल्याचा चुरा, वाळवलेल्या ताकाचे गोळे, तूप. हा सगळा माल सरहद्दीपलीकडून यायचा, हसा म्हणतात त्या भागातून. तिकडे खजुराच्या बागा आहेत, पाणी आहे, मेंदी तिकडची. आणि पाठवणारी होती मामाची दूधबहीण. लहानपणी दोघींनी एकाच बाईचं दूध प्यालेलं. इकडे त्या नात्याला रक्ताएवढाच मान असतो.

ना कंपनी, ना पावती. दर गुरुवारी बहीण तिच्या मुलाच्या गाडीत बसून सरहद्द ओलांडून अलीकडे यायची. त्या देशातल्या लोकांना नुसतं कार्ड दाखवलं की सोडायचे. अबू सामराला नाक्याच्या अलीकडे पेट्रोल पंप आहे, तिथे मी मामाला घेऊन थांबायचो. तिच्या गाडीतली पोती मी आमच्या गाडीत टाकायची, आणि आमच्याकडची धूप, अत्तर, चहाचे डबे तिच्या गाडीत. मग दोघी मागच्या सीटवर दार उघडं टाकून कॉफी पीत बसायच्या. मी आणि तिचा मुलगा उन्हात उभे. किती वेळ, ते विचारायचं नाही. एकदा मी घड्याळाकडे बघितलं तर बहीण आतून म्हणाली, "तुझ्या शैबाला लग्नाला जायचंय वाटतं." दोघी अशा हसल्या की पंपावरचा माणूस वळून बघायला लागला.

आता मेंदीचं सांगतो. मेंदीचा माल चांगला का वाईट हे वास घेऊन थोडं कळतं, पण खरं कळतं हातावर. मामाचे हात बारा महिने रंगलेले, त्यावर नवा रंग काय दिसणार? बाजारातल्या सगळ्याच बायकांची तीच गत. म्हणून माझा हात. नवं पोतं आलं की मामा चिमूटभर मेंदी वाळलेल्या लिंबाच्या पाण्यात कालवायची आणि चमच्यानं माझ्या डाव्या तळहातावर ठेवायची. उजवा हात जेवायला आणि गिअरला. सकाळी खरवडून मी हात दाखवायचा. पहिल्या दिवशी शेंदरी, दुसऱ्या दिवशी विटेसारखा, तिसऱ्या दिवशी काळ्या मनुकेसारखा. असा चढत गेला तर माल पास. शेंदरीवरच थांबला तर पोतं परत.

हळूहळू गिऱ्हाईक बायकांना पण हे ठाऊक झालं. येऊन मामाला "मेंदी कशी आहे" विचारायच्या नाहीत. ओट्याखाली उभ्या राहून मला म्हणायच्या, "हात दाखव." मी हात वर करायचो. त्या लांबूनच बघायच्या आणि घेऊन जायच्या. आमच्या जागेला पाटी नव्हती, माझा हात हीच पाटी. उगाच बढाई मारत नाही, जे होतं ते सांगतो.

त्या वर्षी रोज्याच्या महिन्यात, जूनमध्ये, एका सकाळी रस्ता बंद झाला. देशादेशांचं काय बिनसलं ते मला समजलं नाही आणि आजही मी समजल्याचं सोंग करत नाही. दुकानात दुधासाठी झुंबड उडाली, लोक गाड्या भरभरून तांदूळ न्यायला लागले. मामानं त्यातलं काही केलं नाही. गुरुवारी नेहमीच्या वेळी बाहेर आली आणि गाडीत बसली.

"यल्ला, चल."

"कुठे? बंद आहे."

"गुरुवार आहे ना?"

"गुरुवार आहे, पण रस्ता नाही."

"तुला कुणी विचारलं? चालव."

मुलगी दारातून ओरडली, "आई, टीव्ही बघितला नाहीस का?" मामानं दार ओढून घेतलं. मी गाडी काढली. मलासुद्धा वाटत होतं की आपण गेलो तर सोडतील. तिचा हट्ट आणि माझा हट्ट, एका गाडीत दोन बैल.

रस्ता एवढा मोकळा मी कधी बघितला नव्हता. एरवी मालाच्या ट्रकांमागे जीव मेटाकुटीला यायचा. त्या दिवशी नुसती वाळू रस्त्यावरून इकडून तिकडे जात होती. नाक्यावरच्या जवानानं मामाला "खाला" म्हणजे मावशी म्हणून सलाम केला आणि हात जोडल्यासारखं करून सांगितलं, पलीकडून कुणी येत नाही, इकडून कुणी जात नाही.

मामा म्हणाली, "मला जायचं नाही. ती येईल."

"मावशी, तिला येऊ देणार नाहीत."

"तिचं कार्ड आहे."

"कार्ड असून उपयोग नाही, मावशी."

पंपावर आम्ही थांबलो. रोजा, त्यात जूनचं ऊन. मी रोजा धरत नाही, पण तिच्यासमोर पाणी पिणं बरं दिसत नाही म्हणून मीही घसा कोरडा ठेवून बसलो. मामानं बहिणीला फोन लावला. लागला. मला ऐकू येत होतं, बहीणसुद्धा पलीकडच्या गावात गाडीत बसून होती. तिलाही कुणी आवरलं नव्हतं. दोघींच्या मध्ये काही कोसांची वाळू आणि दोन नाके. मामानं विचारलं, "मेंदी आणलीस?" ती म्हणाली, "आणली. या वेळी पाला फार चांगला आहे." बराच वेळ दोघी कुणाच्या पोराला ताप आला, कुणाची सून रुसली, हेच बोलत राहिल्या. मग मामा मला म्हणाली, "फिरव."

पुढे काही आठवडे फोन चालू राहिला. मग एकदा बहिणीच्या मुलानं फोन घेतला आणि सांगितलं की आईशी आता बोलू नका, दिवस वाईट आहेत, कुणी ऐकलं तर आमच्या मागे लागेल. तो वाईट मुलगा नव्हता. दर गुरुवारी माझ्याबरोबर उन्हात उभा राहायचा, माझ्यासाठी खजूर आणायचा. भित्रा होता एवढंच, आणि त्याला दोष तरी कसा देऊ? मामानं फोन बंद केला आणि चार्जिंगला लावायला माझ्या हातात दिला. रस्ता पुढे काही वर्षांनी उघडला, पण तोवर त्या बहिणीचे हात इतके कापायला लागले होते की मेंदी दळणं काय, पेला धरणं जड. ती पुढची गोष्ट. त्या उन्हाळ्यात आम्हाला वाटत होतं की आज उघडेल, उद्या उघडेल.

माल संपत चालला. आधी ताकाचे गोळे संपले, मग तूप. मेंदी मामा हात आखडून द्यायला लागली. माझ्या हाताचा रंग उतरत गेला. बाजारातल्या बायका ते बघत होत्या. आता त्या "हात दाखव" म्हणायच्या नाहीत.

आमच्या गिऱ्हाइकात एक वसईची पोरगी होती. इस्पितळात मदतनीस. तिचा पण धंदा होता. मामाकडून मेंदी न्यायची, घरी कोन भरायची आणि ड्युटी सुटल्यावर नर्सांच्या होस्टेलात, अल नस्रच्या फ्लॅटांमध्ये जाऊन विकायची. स्वतः ख्रिस्ती, मेंदी लावायची नाही, पण लावून द्यायची झकास. बाजारात तिच्याशी तेवढं मला मराठीत बोलता यायचं. एक दिवस आली आणि मला म्हणाली, "काका, हात बघू. अगो बाय, हा तर पार धुऊन निघाला!"

"भांडी घासून निघाला," मी म्हटलं.

"मामा काय म्हणते?"

"म्हणते उघडेल."

"कधी?"

"इन्शाल्ला."

"काका, इन्शाल्लावर माझे कोन भरत नाहीत. ईदच्या ऑर्डरी मी परत केल्या. बायका म्हणतात, तुझी ती काळी मनुका मेंदी आण, नाहीतर पाकिटातली आम्हीच आणतो." मग हळू आवाजात म्हणाली, "मी आता केक करते. ओव्हन घेतला जुना. मेंदीत जेवढं मन लागायचं तेवढं नाही लागत, पण अंडी तर मिळतात ना."

मी मामाला अरबीत सांगितलं की ही केक करते आता. मामा म्हणाली, "हुशार आहे." नंतर टोपलीच्या तळाची मूठभर मेंदी कागदात बांधून तिला दिली आणि तिनं पैसे काढले तर हातावर चापट मारली.

आता त्या ओट्याचा रिवाज सांगायला हवा. तिथल्या जागा कागदावर कुणाच्याच नव्हत्या. आईची जागा लेकीला, असं चालत आलेलं. उन्हाळ्यात कुणी रिकाम्या टोपल्या घेऊन बसलं तरी कुणी हरकत घ्यायचं नाही, आजारपण असतं, बाळंतपण असतं. पण थंडी सुरू झाली की लग्नांचा हंगाम, आणि तेव्हा जिच्यापुढे विकायला स्वतःचा माल नाही तिनं सरकायचं. शेजारणीनं ती जागा घ्यायची. भांडण नाही, तंटा नाही. सरकणाऱ्या बाईनं आपली चटई आपल्या हातानं गुंडाळायची, दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. मामा तिथे पन्नास वर्षं बसली होती आणि या रिवाजानं तिनं स्वतः एक-दोघींना सरकवलं होतं. त्यामुळे तिला कुणाकडे तोंड वेंगाडायची सोय नव्हती, आणि तिचा तो स्वभावही नव्हता.

म्हणजे थंडीपर्यंत माल आणायचा, नाहीतर जागा गेली. एवढी सरळ गोष्ट होती.

मुलीला तर हेच हवं होतं. ती वाईट बाई नव्हती, आईचे गुडघे तिला बघवत नव्हते. ती माझ्याशी इंग्रजी-हिंदीत बोलायची. एकदा म्हणाली, "अंकल, तुम्ही तिला समजवा. बाजार बंद केला की तुम्हाला पण आराम. फक्त मुलांना शाळेत सोडायचं, आणायचं."

मी म्हणालो, "मॅडम, मी माल वाहतो. दप्तरं वाहत नाही."

मामा आतून हसली. मुलगी म्हणाली, "दोघं सारखेच."

ऑक्टोबरात कुणीतरी सांगितलं की अल रुवैसच्या बंदरात इराणकडून लाँच येतात, त्यात मेंदी येते. मामाला मी घेऊन गेलो. वरती टोकाला आहे ते गाव, मासळीचा वास आणि बांधलेल्या होड्या. मामा आयुष्यात पहिल्यांदा अनोळखी पुरुषांकडून माल घ्यायला उभी राहिली. गुरुवारची कॉफी नाही, बहीण नाही, नुसता घाईतला व्यापारी आणि पोती. तिनं पाला हातात चुरडला, वास घेतला, तोंड वाकडं केलं, आणि एक पोतं घेतलं. 

घरी आल्यावर मेंदी कालवून माझ्या हातावर ठेवली. सकाळी मी हात दाखवला. शेंदरी. दुसऱ्या दिवशी थोडा लाल. तिसऱ्या दिवशी वीट. मनुका काही झाला नाही, पण वाईट नव्हता. मी म्हणालो, "पास."

मामा म्हणाली, "पास आहे. पण हसाची नाही."

"मी कुठे म्हणालो हसाची आहे? मेंदी आहे. रंगते. विक."

"विकते. पण हसाची म्हणून विकणार नाही."

"तुला कोण म्हण म्हणतंय? तू गप्प बस. बायका हात बघतील आणि घेतील."

ती टोपलीत मेंदी भरायला लागली. मला वाटलं, पटलं.

नोव्हेंबरात हवा बदलली. सकाळी गाडीच्या काचेवर दव यायला लागलं. बाजारात गिऱ्हाईक वाढलं. शेजारची बाई मसालेवाली, अंगानं भरलेली, सदा हसणारी. तिनं पण त्याच लाँचीतली मेंदी आणून ठेवली होती. रोज तिची टोपली आमच्या चटईकडे थोडी सरकायची. ती ढकलत नव्हती, हळूच ठेवायची. मामा बघायची आणि तिला कॉफी द्यायची.

मग एक दिवस एका मोठ्या घरची बाई आली. बरोबर दोन मुली, मागे पिशव्या धरलेली मोलकरीण. मुलीचं लग्न होतं, घरभरच्या बायकांना मेंदी हवी होती. एवढी मोठी मागणी म्हणजे मामाचा हंगाम उभा राहिला, जागा राहिली. ही बाई जुनी ओळखीची. ती मामाच्या समोर उभी राहिली, आणि किती महिन्यांनी कुणीतरी माझ्याकडे वळून म्हणालं, "हात दाखव."

मी हात वर केला.

"हसाची?" तिनं विचारलं.

मामा उत्तर द्यायच्या आधी मी म्हणालो, "हसाची, हसाची." यात मला आजही काही वावगं वाटत नाही. रंग चांगला होता, बाईचं लग्नघर, आमची जागा जात होती, कुणाचं काय बिघडणार होतं? धंद्यात एवढं चालतं. माझ्या ट्रकच्या दिवसांत याच्या दसपट चालायचं.

मामा म्हणाली, "नाही. ही लाँचीतली आहे. हा हिंदुस्थानी आहे, याला काय कळतं?"

ओट्यावरच्या सगळ्या बायका माझ्याकडे बघायला लागल्या. माझा हात अजून वरच होता. तो खाली घ्यायला मला किती जड गेलं ते मीच जाणतो. इतकी वर्षं त्या हातावर बाजार चालला आणि याला काय कळतं?

मोठ्या घरची बाई जरा गोंधळली. म्हणाली, "मग हसाची कुणाकडे मिळेल?"

"कुणाकडेच नाही," मामा म्हणाली. "रस्ता उघडला की ये."

"माझ्या मुलीचं लग्न रस्त्यासाठी थांबणार आहे का?"

"मग ही घे. चांगली आहे. पण हसाची नाही."

बाईनं मुलींकडे बघितलं. मग ती शेजारच्या टोपलीकडे वळली. मसालेवालीनं विचारलं, "किती देऊ?" मसालेवाली खोटं बोलली नाही, हे मला तिच्या बाजूनं सांगायला हवं. ती त्याबद्दल बोललीच नाही, आणि बाईनंही तिला विचारलं नाही. लोकांना कधी कधी न विचारता घ्यायचं असतं.

गाडीत मी मामाला बोललो. एवढं कधी बोललो नव्हतो.

"सगळ्यांसमोर माझा मान घालवलास."

"तू माझं नाव विकलंस."

"नाव! नाव काय खाता येतं? जागा गेली तुझी. कळतंय का?"

"मला कळतंय. मी बसते तिथे, तू नाही." मग सिग्नलला गाडी थांबल्यावर मागून म्हणाली, "शैबा, ऐक. ती मेंदी माझी नव्हती कधी. ती माझ्या बहिणीची. तिनं पाला निवडायचा, तिनं वाळवायचा, तिनं दळायचा. मी नुसती बसायची. आज तिला तिकडे गप्प बसवलंय, फोनसुद्धा घेऊ देत नाहीत. आणि मी तिच्या नावावर दुसऱ्याचा पाला विकू? रस्ता बंद त्यांनी केला. तिला पुसून टाकायचं काम मी तरी कशाला करू?"

मी म्हणालो, "मला नाही पटत."

"मी तुला पटवत नाही, सांगते."

खरं सांगतो, ते मला अजूनही पुरतं पटलेलं नाही. माणसाचं पोट आणि माणसाची जागा, यापुढे बाकीचं सगळं मागचं, असं मी शिकलो. पण त्या दिवसानंतर मी तिच्याशी वाद घातला नाही. दमलो होतो. तीही दमली होती. सहा महिने रोज रिकाम्या टोपल्या मांडायच्या आणि रोज उचलायच्या, याचा थकवा माल वाहून येत नाही इतका येतो.

आणखी काही दिवस ती बसली. लाँचीतली मेंदी थोडी थोडी गेली, कुणी विचारलं की तेच उत्तर. पोतं संपलं, पण दुसरं आणायला ती पुन्हा बंदरात गेली नाही. मग एका दुपारी तिनं मसालेवालीला कॉफी दिली आणि चटईवरून उठली. गुडघे धरून वाकली आणि चटई गुंडाळायला लागली. मी पुढे झालो तर तिनं हात आडवा केला. रिवाज. ओट्यावरच्या बायका खाली मान घालून बसल्या होत्या. मसालेवाली हसत नव्हती. चटई वाकडी गुंडाळली गेली, एक टोक लोंबत राहिलं. मामानं ती माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "खलास."

घरी आल्यावर मुलगी दारात उभी होती. तिनं आईला आत नेलं, गुडघ्यांना तेल लावायला बसवलं. मग बाहेर आली आणि मला म्हणाली, "अंकल, आता बाजाराचं काम नाही. मुलांची शाळा आहे. नाहीतर तिकीट काढते, तुम्ही घरी जा. तुम्ही सांगा."

मी म्हणालो, "तिकीट."

आतून मामाचा आवाज आला, "काढ त्याचं तिकीट. जाऊ दे. गावाला जाऊन बायकोचं डोकं खाऊ दे." मग पुन्हा आतूनच, "पण उद्या सकाळी मुलांना कोण नेणार? दुसरा ड्रायव्हर येईपर्यंत?"

मी खोलीत गेलो, भात लावला, जेवलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर उठलो. पोती नीट बसावीत म्हणून गाडीची सगळ्यात मागची, तिसरी सीट मी काढून पत्र्याच्या शेडमध्ये ठेवली होती. ती ओढून आणली, झटकली, बोल्ट कसले. तळाशी मेंदीचा आणि बोरीच्या पाल्याचा चुरा साचला होता, फडक्यानं पुसला, पण फटींमधला निघेना. दोन्ही पोरं दप्तरं घेऊन आली, बसली. धाकटीनं नाकाला हात लावला आणि इंग्रजीत म्हणाली, वास येतोय, काच खाली करा.

मी काच खाली केली नाही. गाडी सुरू केली आणि शाळेचा रस्ता धरला.